कादंबरीच्या नावावर वसलेलं गाव

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरचं ‘वेस्टवर्ड हो!’ हे गाव चार्ल्स किंग्जलीच्या 1855 मधल्या कादंबरीच्या नावावर वसलं. उद्गारचिन्ह आजही नावात आहे. कथेत शेजारचं बिडफर्ड होतं. पुस्तक तुफान खपलं, तसं 1860 च्या दशकात एका कंपनीनं तिथं हॉटेल आणि बंगले उभारायला घेतले. हा निव्वळ जमिनीचा धंदा होता, असा आक्षेप घेतला जातो. सुरुवातीपुरता तो रास्तच आहे, खुद्द किंग्जलीलाही ती बांधकामं रुचली नव्हती. मात्र पुढे माणसं राहायला आली की गावाला स्वतःच्या गोष्टी फुटतात. आपल्या मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग 1878 ते 1882 तिथल्याच शाळेत शिकला आणि त्या दिवसांवर त्यानं ‘स्टॉकी अँड कंपनी’ लिहिलं. जाहिरातीसाठी उसनं घेतलेलं नाव माझ्या मते तिथंच फिटलं.