सगळी ॲप्स 'क्लिअर ऑल' केली की फोन खरंच फास्ट होतो का?

रोज रात्री झोपण्याआधी आई दोन गोष्टी न चुकता करते. गॅसचा नॉब बंद आहे ना ते बघते आणि फोनमधली सगळी ॲप्स 'क्लिअर ऑल' करून टाकते. "दिवसभर चालू असतात बिचारी, बॅटरी खातात," असं तिचं म्हणणं.

गेल्या महिन्यात मी तिच्या अँड्रॉइड फोनवर गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप टाकून दिलं. सकाळी आठला बीपीची गोळी. तीन दिवसांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं, तर त्यातली एकही गोळी कमी झालेली नव्हती. "अगं आई, गोळी घेतली नाहीस?" "फोन वाजलाच नाही, मला वाटलं तू बंद केलंस."

फोन वाजला नाही, कारण आई रोज रात्री इतर ॲप्सबरोबर तेही बंद करत होती. त्या फोनमध्ये 'क्लिअर ऑल' केलं, की ॲपने लावलेले अलार्मसुद्धा पुसले जात होते.

ताई लगेच म्हणाली, "म्हणून मी आयफोन घेतला." पण त्याच आठवड्यात तिने सहलीचे व्हिडिओ क्लाउडवर पाठवायला लावले, सवयीने ते ॲप वर सरकवून बंद केलं आणि सकाळी बघते तर अर्धे व्हिडिओ फोनमध्येच! म्हणजे दोष एकट्या अँड्रॉइडचा किंवा आयफोनचा नाही. एकाच वेळी अनेक कामं, म्हणजेच मल्टीटास्किंग, फोन कसं करतो हे आपल्याला माहीत नसतं, खरी गडबड तिथे आहे.

ओटा आणि फडताळ

फोनची रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ॲप उघडलं की ते फडताळातून ओट्यावर येतं. तुम्ही दुसरं ॲप उघडलं, की पहिलं बहुतेक वेळा ओट्यावरच झाकण ठेवून बाजूला सरकवलं जातं. त्याच्याखालचा गॅस बंद असतो. म्हणजे ते यादीत दिसतं, पण काम करत नसतं.

ओटा भरला की ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच बराच वेळ न लागलेलं भांडं उचलून ठेवते. हे काम अँड्रॉइडही करतं आणि आयफोनची आयओएसही. आपण दर वेळी सगळी भांडी फडताळात ठेवली, तर पाच मिनिटांनी तीच पुन्हा काढावी लागतात. यात वेळ जातो आणि बॅटरीही. ॲपलच्या मदतीच्या पानावरही हेच सांगितलंय, की ॲप अडकलं असेल, प्रतिसाद देत नसेल, तरच ते बंद करा.

दोघांचे स्वभाव वेगळे

2007 मध्ये पहिला आयफोन आला, तेव्हा त्यात बाहेरची ॲप्स टाकताच येत नव्हती. 2008 मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं, पण ॲपमधून बाहेर पडलं की ते बंद. 2010 मध्ये आयओएस 4 आल्यावर मल्टीटास्किंग मिळालं, तेही मोजून मापून. गाणी वाजवणं, इंटरनेटवरून कॉल, रस्ता दाखवणं अशा ठराविक कामांनाच मागे चालू राहायची परवानगी होती. कडक शिस्तीच्या आजोबांसारखा हा कारभार. आयफोन आजही बराचसा तसाच आहे.

अँड्रॉइडचा पहिला फोन 2008 मध्ये आला, तो मात्र मोकळ्या स्वभावाचा. ॲप्सना मागे राहून काम करायची मुभा पहिल्यापासूनच होती. त्याचा त्रास बॅटरीला झाला. म्हणून 2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये 'डोझ' आलं. फोन बराच वेळ नुसता पडून असला, की ॲप्सची कामं थांबवून ठेवायची. पुढे 2017 मध्ये अँड्रॉइड 8 ने मागे चालणाऱ्या कामांवर आणखी मर्यादा घातल्या. त्याशिवाय काही कंपन्या आपल्या फोनमध्ये स्वतःचे वेगळे नियम लावतात. त्यामुळे एकच ॲप एका अँड्रॉइडवर नीट चालतं, तर दुसऱ्यावर गप्प बसतं.

गंमत म्हणजे पत्त्यांसारखी कार्डं सरकवून ॲप बंद करायची पद्धत ना अँड्रॉइडची, ना आयफोनची. 2009 मध्ये पाम कंपनीच्या वेबओएसमध्ये ती आली. तो फोन बाजारात टिकला नाही. वेबओएस आता एलजीच्या टीव्हीवर चालते. ती सवय मात्र आपल्या सगळ्यांच्या बोटांत राहिली.

एका स्क्रीनवर दोन कामं

इथे अँड्रॉइड पुढे आहे. 2016 मध्ये अँड्रॉइड 7 पासून स्क्रीन दुभागून दोन ॲप्स एकत्र बघता येतात. वर रेसिपीचा व्हिडिओ, खाली किराणा मालाची यादी. किंवा एका बाजूला चॅटमध्ये आलेला खाते क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला नोंदवही. आयफोनमध्ये ॲपलने ही सोय दिलेली नाही, ती 2015 पासून आयपॅडवर आहे. छोट्या चौकटीत व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम करणं मात्र दोन्हीकडे जमतं. अँड्रॉइडवर ते 2017 मध्ये आलं, आयफोनवर 2020 मध्ये.

आता काय करायचं?

* रोज 'क्लिअर ऑल' करणं सोडा. एखादं ॲप अडकलं, तर फक्त तेवढंच बंद करा.
* औषधांसाठी फोनमधल्या घड्याळाचा अलार्म लावा. दुसरं ॲप हवंच असेल, तर अलार्म लावून, स्क्रीन बंद करून तो वाजतो का, ते आधी तपासा.
* अँड्रॉइडवर महत्त्वाच्या ॲपच्या सेटिंगमध्ये 'बॅटरी' उघडून 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा.
* बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ॲपच्या कार्डावर बोट दाबून धरलं की कुलूप लावता येतं. मग 'क्लिअर ऑल' केलं तरी ते ॲप राहतं.
* आयफोनवर सेटिंगमधल्या 'जनरल'मध्ये 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश' आहे. गरजेच्या ॲप्सना चालू ठेवा, बाकीच्यांचं बंद करा. मोठे व्हिडिओ पाठवताना ते ॲप वर सरकवून बंद करू नका.
* नवा फोन घेताना 'व्हर्च्युअल रॅम'च्या आकड्याला भुलू नका. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते आणि खऱ्या रॅमपेक्षा हळू चालते. खरी रॅम किती, ते विचारा.

मग कोणता फोन चांगला?

दोन ॲप्स शेजारी ठेवून काम करायचं असेल, सेटिंग्ज स्वतः जुळवायची आवड असेल, तर अँड्रॉइड. फोनने सगळं आपलं आपण सांभाळावं असं वाटत असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर आयफोन. घरातल्या मोठ्यांसाठी फोन घेताना मात्र एक काम नक्की करा. फोन हातात दिल्यावर दहा मिनिटं शेजारी बसून ही सेटिंग्ज लावून द्या आणि ती का लावली, तेही सांगा. मी आईला ॲप टाकून दिलं, पण हे सांगायचं राहून गेलं. चूक माझीच होती.

आता आईच्या फोनमधल्या घड्याळाचा अलार्म सकाळी आठला वाजतो. रात्री ती गॅसचा नॉब अजूनही बघते. बोट 'क्लिअर ऑल'कडे गेलं, की स्वतःच म्हणते, "राहू दे, झाकण ठेवलंय त्यांच्यावर."