परिचारिकांमधील निद्रान्यूनता व थकवा

दीर्घ किंवा फिरत्या पाळ्यांत काम करणाऱ्या रुग्णालयीन परिचारिकांना पुरेशी व सलग झोप न मिळाल्याने येणारी शारीरिक व मानसिक क्षीणता. केवळ श्रमाने आलेला थकवा विश्रांतीने लवकर ओसरतो. निद्रान्यूनतेचा थकवा मात्र दिवसागणिक साचत जातो व एखाद्या सुटीने भरून निघत नाही.

कारणे : झोप व जागृती यांचे दैनिक आवर्तन मेंदूच्या अधोथॅलॅमस या भागातील एका लहान कोशिकापुंजाकडून नियंत्रित होते व प्रकाश हा त्याचा मुख्य नियामक होय. रात्री मेलॅटोनीन हे हॉर्मोन वाढते, शरीराचे तापमान उतरते आणि पहाटे ३ ते ५ च्या सुमारास सावधानता सर्वांत कमी होते. नेमक्या याच वेळी रात्रपाळीच्या परिचारिकेला औषधाच्या मात्रा मोजणे, सलाइनवर लक्ष ठेवणे, नाडी व रक्तदाब नोंदविणे ही कामे करावी लागतात. दिवसाची झोप उजेड, गोंगाट व घरकाम यांमुळे तुटक होते. पाळी दर आठवड्यास बदलल्यास शरीर नव्या वेळेशी जुळण्यापूर्वीच ती पुन्हा बदलते.

परिणाम : सलग सतरा तास जागरणानंतरची कार्यक्षमता रक्तात ०·०५ टक्के मद्यार्क असताना असते तितकी खालावते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. अमेरिकेतील ३९३ परिचारिकांच्या नोंदींवरील अभ्यासात (२००४) साडेबारा तास वा अधिक काळ काम केल्यास चूक होण्याची शक्यता सु. तिप्पट होते, असे दिसून आले. मात्रेतील चुका, सुई टोचणे व घरी परतताना होणारे अपघात हे तात्कालिक धोके होत. दीर्घकाळात हृद्‌रोग व मधुमेह यांचा संभव वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले आहे (२००७, पुनर्विचार २०१९).

मनुष्यबळ : या थकव्याचे मूळ बहुतांशी पदसंख्येत आहे. परिचारिकेची एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास आठवड्याला १६८ तास लागतात. ४८ तासांचा आठवडा धरल्यास एका जागेस साडेतीन परिचारिका हव्यात. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी (२०१२) लहान प्राथमिक आरोग्य केंद्रास किमान तीन परिचारिका ठरविल्या. त्यांचे एकूण १४४ तास होतात, म्हणजे रजा व आजारपण धरण्यापूर्वीच २४ तास उणे पडतात. हे तास साप्ताहिक सुटी बुडवून किंवा दुहेरी पाळी करून भरले जातात. पुणे जिल्ह्यातील मुळशीसारख्या तालुक्यात ही उणीव अधिक जाणवते. ताम्हिणी घाटाकडील वस्ती विखुरलेली व अतिपावसाची, तर पूर्वेकडे हिंजवडी परिसरात लोकसंख्या झपाट्याने वाढलेली. बाळंतपण किंवा सर्पदंश यांना वेळ नसते. रात्री एकटीच असलेल्या परिचारिकेस रुग्णाबरोबर पुण्यास जावे लागल्यास केंद्रात बदली परिचारिका उरत नाही. निवासस्थान नसल्यास प्रवासाचा वेळही झोपेतूनच जातो.

उपाय : आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७७ च्या शिफारशीनुसार (क्र. १५७) परिचारिकेचा कामाचा दिवस जादा कामासह बारा तासांपेक्षा मोठा नसावा व दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तास विश्रांती असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांचे कामाचे तास व रजा शासकीय परिचारिकांप्रमाणे असाव्यात, असे सुचविले. याखेरीज सकाळ-दुपार-रात्र या क्रमाने पाळी पुढे सरकविणे, सलग रात्रपाळ्या मोजक्या ठेवणे, रात्री वीस-तीस मिनिटांची डुलकी घेऊ देणे व जवळ निवासाची सोय करणे हे उपाय उपयुक्त ठरतात. मात्र ते पुरेशा पदांची जागा घेऊ शकत नाहीत. ज्या जागेस साडेतीन परिचारिका हव्यात तेथे तीनच असल्यास वेळापत्रक कसेही आखले, तरी उणे पडणारे तास कोणाच्या तरी झोपेतूनच वजा होतात. [⟶ निद्रा].