रोजमेळात न दिसणारा खेळ

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव हेमाडपंती मंदिरांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. अशा गावांतील दुकानांतही आता गल्ल्यावर क्यूआरची पाटी असते, आणि ज्या मोबाईलवर विक्रीची रक्कम जमा होते त्याच मोबाईलवर पैशांचे खेळही चालू शकतात.

जैन परंपरेने खेळास मज्जाव केला नव्हता. ज्ञानबाजीच्या पटावर सोंगटी साप-शिड्यांतून सिद्धशिलेकडे जाई. मज्जाव होता तो पैजेला. सप्तव्यसनांत द्यूत पहिलेच.

हा हिशेब व्यापाऱ्याला तरी कोणी शिकवावयास नको. समजा, दहा जणांनी शंभर-शंभर रुपये लावले आणि चालकाने दीडशे आधीच कापून घेतले. मग वाटावयास साडेआठशेच उरतात. एक जिंकतो, पण दहाही जण मिळून तोट्यातच. एरवी पैशाची घासाघीस करणारा मनुष्य असा सौदा सुखासुखी करतो, हे नवलच.

1 ऑक्टोबर 2023 पासून खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच संमत केला: खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा. ई-स्पोर्ट्सला मात्र त्यात मान्यता आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. त्यामुळे घरातील मुलाला अडविण्याचे काम कायदा करीत नाही. दुकानाचे खाते वेगळ्या फोनवर ठेवून सायंकाळी त्याचा रोजमेळाशी ताळा घातला, तर गेलेली रक्कम त्याच दिवशी दिसते.