सरळ शर्यतीतील गिअर : हाताने की यंत्राने?

दिल्लीच्या आग्नेयेस, यमुना द्रुतगती मार्गालगत, ग्रेटर नोएडा येथे ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’ हे मोटारशर्यतींचे मैदान आहे. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली व जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल तीत विजयी झाला. सुमारे एक किलोमीटर लांबीच्या सरळ पट्ट्यावरून ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावणाऱ्या त्या चोवीस गाड्यांपैकी एकीतही चालकाच्या पायाशी क्लचचे पेडल नव्हते. सुकाणूचक्रामागील लहानशी पट्टी त्याने बोटाने ओढावी आणि गिअर बदलण्याचे काम यंत्राने करावे, अशी ती योजना होती.

पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच ग्रेटर नोएडात भरलेल्या वाहनप्रदर्शनात मारुती सुझुकी कंपनीने ‘सेलेरिओ’ ही लहान गाडी लोकांपुढे मांडली. स्वयंचलित गिअरबदलाची सोय असलेला तिचा प्रकार सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात येणारा होता. क्लचपेडल हिच्यातही नव्हते. परंतु शर्यतीच्या गाडीत जो बदल चालकाला जाणवतही नाही, तो या गाडीत सावकाश होई व प्रत्येक वेळी बसणाऱ्याला किंचित पुढे झुकवी. गिअर दोहोंतही यंत्रच बदलते. मग असा फरक का पडावा? आणि कसलेल्या चालकाचा हात या दोहोंच्या तुलनेत कोठे उभा राहतो? या प्रश्नांचे उत्तर शोधण्यास ड्रॅग शर्यतीसारखी दुसरी कसोटी नाही.

शर्यतीचे स्वरूप

ड्रॅग शर्यतीत वळणे नसतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्यांची खूण होते आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर जी आधी कापील ती जिंकते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हा खेळ वाढीस लागला. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी त्यासाठी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. विमानाला लागणारी लांब, सपाट व निर्वेध पट्टी या खेळालाही सोयीची पडते.

गिअर कशासाठी?

पेट्रोलचे एंजिन संथ फिरत असताना दुबळे असते. त्याचा खरा जोर मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या ठराविक टप्प्यातच मिळतो. उलट, उभी गाडी हलविण्यास सर्वांत अधिक जोर आरंभीच लागतो. ही विसंगती गिअर, म्हणजेच लहानमोठी दंतचक्रे, दूर करतात. जड दगड हलविताना आपण लांब पहार वापरतो. हाताला पुष्कळ अंतर जावे लागते, पण दगडावर जोर अधिक पडतो. पहिला गिअर ही एंजिनाची लांब पहार होय. गाडी वेग घेऊ लागली की जोर थोडा कमी चालतो, पण चाके अधिक जलद फिरावी लागतात. म्हणून क्रमाने दुसरा, तिसरा असे गिअर टाकावे लागतात.

हाताने गिअर बदलताना चालक क्लच दाबून एंजिन व चाके यांचा संबंध तोडतो, दांडा सरकवितो आणि संबंध पुन्हा जोडतो. तेवढा वेळ चाकांना शक्ती मिळत नाही. गाडी पुढे जात असते, परंतु तिचा वेग वाढत नाही.

विरामाची किंमत

हा विराम किती महाग पडतो, ते साध्या हिशेबाने पाहता येईल. समजा, एक गाडी ४०२ मीटरांच्या शेवटी ताशी १५० किलोमीटर वेग गाठते. तिचे गिअर ताशी ५० व १०० किलोमीटर वेगाला बदलले जातात आणि प्रत्येक बदलास चार दशांश सेकंद लागतो. विरामाच्या काळात वेग ढळत नाही, असे सोयीसाठी मानू.

पहिल्या विरामात गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने काही अंतर जातेच. तेवढे अंतर शेवटी, ताशी १५० किलोमीटर वेगाने, तोडण्याचे वाचते. म्हणून विरामाचा एकतृतीयांश वेळ भरून निघतो व दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे ०.२७ सेकंद, वाया जातो. दुसरा विराम ताशी १०० किलोमीटर वेगाला आला असल्याने त्यातील केवळ एकतृतीयांश, सुमारे ०.१३ सेकंद, वाया जातो. एकूण तोटा ०.४ सेकंदाचा झाला. ताशी १५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एवढ्या वेळात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे एंजिन, वजन व टायर तंतोतंत सारखे असूनही, विराम न घेणारी गाडी चार गाड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकेल.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. विराम सारखेच असले, तरी आरंभीचा विराम शेवटच्यापेक्षा अधिक नुकसान करतो. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना हात अडखळला, तर ते नुकसान सहसा भरून निघत नाही.

तेलातून वाहणारी शक्ती

हा विराम टाळण्याचा एक मार्ग आगबोटींच्या विद्येतून आला. जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, जहाजातील वाफेच्या टर्बाइनची शक्ती पंख्याला पोचविण्यासाठी, दोन चक्रांमध्ये केवळ द्रव ठेवण्याची कल्पना मांडली. एंजिनाला जोडलेले पहिले चक्र तेल फेकते, त्या तेलाच्या माऱ्याने दुसरे चक्र फिरते आणि मध्ये असलेले तिसरे चक्र परतणारे तेल योग्य दिशेला वळवून जोर वाढविते. यासच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. १९५० साली शेव्हरोले गाड्यांत आलेल्या ‘पॉवरग्लाइड’ या स्वयंचलित गिअरपेटीत हीच योजना होती.

प्रारंभी शर्यतवीरांनी अशा पेट्यांना नाके मुरडली, आणि ती अकारण नव्हे. तेल घसरते, घसरण्यात शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, शिवाय पेटी जड असते. साध्या गाड्यांत हातगिअरवाला सहज पुढे जाई. तथापि ड्रॅग शर्यतीच्या कारागिरांनी या पेटीतील गुण हेरले. तेल धक्का झेलीत असल्यामुळे प्रचंड शक्तीच्या गाड्यांतही दांडे व दाते तुटण्याचे भय कमी होते, आणि गिअर बदलत असतानाही शक्तीचा प्रवाह फारसा खंडित होत नाही. पॉवरग्लाइडला पुढे जाण्याचे गिअर दोनच असल्याने बदलही एकदाच करावा लागतो. त्यामुळे सुधारून बळकट केलेल्या या पेट्या मूळ गाड्या इतिहासजमा झाल्यावरही ड्रॅग शर्यतींत टिकून राहिल्या.

यंत्राचेही प्रकार

सेलेरिओतील व्यवस्था या तेलाच्या पेटीहून निराळी होती. तीत पेटी व क्लच हातगिअरचेच. फक्त क्लच दाबण्याचे व दांडा सरकविण्याचे काम विद्युत्‌नियंत्रित यंत्रणेकडे सोपविलेले होते. म्हणून हाताने होणारा विराम येथेही राहिलाच. काटकसर, कमी किंमत व शहरी गर्दीतील सुख हे तिचे उद्दिष्ट होते; वेळ वाचविणे हे नव्हते. तेव्हा स्वयंचलित म्हटले की ते वेगवान असलेच पाहिजे, असे मानण्याचे कारण नाही.

विराम जवळजवळ नाहीसा केला तो दुहेरी क्लचने. पालखीला खांदा देणारे भोई बदलतात तेव्हा नवा भोई आपला खांदा आधी लावतो, मग जुना आपला काढतो. पालखी क्षणभरही खाली टेकत नाही. दुहेरी क्लचच्या पेटीत हेच घडते. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा हे गिअर असतात, दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. चालू गिअर काम करीत असतानाच पुढचा जुळवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा भार उचलतो. २०११ साली आलेल्या पोर्शे ९११ कॅरेरा एस या गाडीला, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे, स्थिर अवस्थेतून ताशी १०० किलोमीटर वेग घेण्यास हातगिअरने ४.५ सेकंद लागत, तर दुहेरी क्लचच्या पेटीने ४.३ सेकंद. एंजिन तेच होते. फरक भार खांद्यावरून खांद्यावर देण्याच्या रीतीचा होता.

या खेळातील सर्वांत बलाढ्य गाड्या तर आणखी पुढे गेल्या आहेत. ‘टॉप फ्यूएल’ वर्गातील गाड्या सुमारे ३०५ मीटरांचे अंतर चार सेकंदांच्या आत तोडतात व ताशी ५०० किलोमीटरांहून अधिक वेग गाठतात. त्यांत बदलावयाचे गिअरच नसतात. अनेक तबकड्यांचा क्लच टप्प्याटप्प्याने घट्ट होत जातो आणि गिअरचे काम तोच करतो. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांतही गिअर बदलावा लागत नाही, कारण विद्युत्‌मोटार उभ्या अवस्थेपासूनच पुरेसा जोर देते.

चालकाचे काय उरते?

यावरून चालकाचे कौशल्य निकालात निघाले, असे म्हणावयाचे काय? तसे नाही. ड्रॅग शर्यतीत १९६३ पासून एका खांबावर उभे रांगेत लावलेले दिवे खूण देतात; त्यास ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. पिवळे दिवे लागून हिरवा दिवा लागतो, आणि त्याआधी गाडी हलली तर चालक बाद होतो. गाडीने अंतर किती वेळात तोडले हे घड्याळ सांगते. परंतु हिरव्या दिव्यानंतर चालकाने घालविलेला वेळ त्यात धरलेला नसतो. त्यामुळे धीमी गाडीही जागरूक चालकाच्या हाती जिंकू शकते. टायर घसरू न देता शक्ती किती सोडावी, पट्टीचा पृष्ठभाग कसा आहे, त्या दिवशी हवा किती उष्ण आहे, हे ओळखणे माणसाचेच काम राहते. हाताची चपळाई यंत्राकडे गेली. निर्णय मात्र माणसाकडेच आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय शर्यत कोठे करावयाची हा होय. ताशी १५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यातच ती सुमारे ४२ मीटर जाते. नंतर कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेक लावूनही तिला थांबण्यास आणखी सुमारे १२५ मीटर लागतात. शर्यतीच्या पट्टीवर अंतिम रेषेपुढे लांब मोकळी जागा राखलेली असते, ती याचसाठी. दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राम येथील रुंद रस्ते रात्री ओस दिसतात. परंतु तेथे अशी राखीव जागा नसते, आणि पुढल्या चौकात पायी निघालेला कामगार वा सायकलस्वार असू शकतो. राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी मोटारशर्यत करणे हा १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गिअर हाताने बदलावा की यंत्राने, या वादात सेकंदाच्या काही दशांशांचा प्रश्न असतो. बंदिस्त पट्टीवर त्या दशांशांनी फार तर एक शर्यत जिंकली वा हरली जाते. उघड्या रस्त्यावर तेवढ्याच वेळात कोणाचा तरी जीव जाऊ शकतो, आणि तो परत आणणारे यंत्र कोणीही बनविलेले नाही.