धुराड्याची नाडीपरीक्षा

थंड मुलखांतील जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतींत आगीसाठीं कोनाडा ठेवलेला असतो आणि त्यावरून विटांचें धुराडें थेट छपराबाहेर जातें. ही उघडी आगटी डोळ्यांस सुखविते खरी. परंतु तिची बहुतेक ऊब धुराबरोबर आकाशांत निघून जाते. ही उधळपट्टी थांबविण्याची खटपट जुनी आहे. बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं आगटींत बसविण्याच्या ओतीव लोखंडी शेगडीची माहिती १७४४ सालीं प्रसिद्ध केली. अमेरिकेंत व युरोपांत आज वापरली जाणारी ‘इन्सर्ट’ शेगडी त्याच कुळांतली. कोनाड्यांत बसणारी लोखंडी पेटी, पुढें कांचेचें दार, हवा कमीजास्त करण्यास झडप आणि वर धुराड्यांतून नेलेली पोलादी नळी, एवढाच तिचा संसार.

लांकूड वांचविणें हा या शेगडीचा गुण. आणि त्या गुणांतच तिचा धोका दडलेला आहे. लांकूड पहांटेपर्यंत पुरावें म्हणून यजमान निजतांना झडप मिटवितो. मग हवेवांचून तें जळत नाहीं, नुसतें धुमसतें. अशा धुरांत पाण्याची वाफ व डांबरासारखीं न जळलेलीं द्रव्यें असतात. नळींत धूर सुमारें १२० अंश सेल्सिअसच्या खालीं निवाला कीं तीं तिच्या अंगावर जमतात. यालाच क्रिओसोट म्हणतात. प्रथम काजळी, पुढें पापुद्रे, शेवटीं कांचेसारखा चकचकीत लेप, असा तो वाढतो. हा लेप स्वतः ज्वालाग्राही असतो. एखाद्या दिवशीं आग भडकली कीं धुराडेंच आंतून पेटतें, उष्णतामान ११०० अंशांपर्यंत जाऊं शकतें, विटा तडकतात आणि छपराचें लांकूड पेट घेतें.

खोलींतील सुखद ऊब पाहून हें संकट ओळखतां येत नाहीं. नाडी पाहावयाची ती धुराची. सुट्या शेगडीच्या उघड्या नळीवर लोहचुंबकाचा उष्णतामापक चिकटवितां येतो. इन्सर्टची नळी मात्र भिंतींत लपलेली. आणि पेटीच्या दर्शनी भागावर लावलेला मापक लोखंडाची उष्णता सांगतो, धुराची नव्हे. म्हणून कारखानदाराच्या सूचना पाहून, शेगडीच्या लगत वर नळीस बारीक भोंक पाडतात, त्यांत थर्मोकपलची सळई बसवितात व तिची तार बाहेरच्या यंत्रास जोडतात. दोन भिन्न धातूंचा सांधा तापला कीं सूक्ष्म विद्युत् निर्माण होते. सीबेक यांनीं १८२१ सालीं शोधलेल्या याच परिणामावर हें साधन चालतें.

आंकडा वाचतांना एक विवेक ठेवावा. एकेरी नळीच्या पृष्ठभागावर १२० ते २४५ अंश हा चांगला टप्पा मानतात; आंतील धुराचा टप्पा मात्र साधारणतः २०० ते ४८० अंशांचा असतो. एकाचा नियम दुसऱ्यास लावूं नये.

पेटवितांना झडप पूर्ण उघडी ठेवावी व आंकडा टप्प्यांत आल्यावर ती हळूहळू मिटवावी. लांकडें अजून पुरतीं जळावयाचीं असतांनाच आंकडा घसरला, तर हवा अपुरी आहे किंवा लांकूड ओलें आहे असें समजावें. नुसते निखारे उरल्यावर तो उतरला तर चिंता नाहीं; डांबरी धूर तोंवर निघून गेलेला असतो. वरची मर्यादा ओलांडली तर दार बंदच ठेवून झडप मिटवावी. तरीही आंकडा चढत राहिला व धुराडें घोंघावूं लागलें, तर सर्वांस बाहेर काढून अग्निशामक दलास बोलवावें.

सुक्याबरोबर ओलेंही जळतें हें खरें. पण त्याची किंमत धुराड्यास मोजावी लागते. ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्में पाणी असूं शकतें. तें २० टक्क्यांखालीं येईपर्यंत लांकूड वाळवावें.

मापक धुराडें झाडीत नाहीं. वर्षांतून एकदां जाणत्या माणसाकडून तें तपासून घेतलेंच पाहिजे. आणि रात्रभर लांकूड कोंडून धुमसविण्यापेक्षां तें सतेज ज्वाळेनें जाळून घ्यावें. पहांटे खोली थोडी गार झालेली चालेल. घर शाबूत असावें.