लावा पक्ष्याचे पंख कोंबडीच्या पिल्लाला!

मांजराच्या पाठीवरचा काळा रंग, तुमच्या जबड्याचं हाड आणि आतडी हलवणाऱ्या नसा, या तिघांचं मूळगाव एकच! थाप वाटली ना? पण गोष्ट खरी आहे.

गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पाठीवर एक पन्हळ तयार होते. तिचे काठ जुळले की नळी बनते. या नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. काठावरच्या काही पेशी मात्र तिथे थांबत नाहीत. त्या निघतात प्रवासाला! त्यांना म्हणतात 'न्यूरल क्रेस्ट'. १८६८ साली विल्हेल्म हिस यांनी कोंबडीच्या गर्भात त्या पाहिल्या.

त्या कुठे जातात, हे शोधायचं कसं? फ्रान्सच्या निकोल ल द्वारँ आधी शाळेत शिकवायच्या. संशोधनात आल्यावर, १९६९ साली त्यांनी एक गंमत दाखवून दिली. रंग दिला की लावा पक्ष्याच्या पेशीच्या केंद्रकात ठळक गडद ठिपका दिसतो, कोंबडीच्या पेशीत तसा दिसत नाही. आयती खूणच सापडली! मग अंड्याला खिडकी पाडून, कोंबडीच्या गर्भातल्या नळीचा तुकडा काढून तिथे लाव्याचा बसवला. पुढे अशा अंड्यांतून पांढऱ्या कोंबडीची पिल्लं निघाली, ती लाव्यासारख्या गडद पंखांची!

आता खरा प्रश्न. कुठे जाऊन काय बनायचं, हे पेशी घरूनच ठरवून निघते, की वाटेत तिला कोणी सांगतं? ल द्वारँबाईंनी पाठीकडच्या पेशी मानेपाशी बसवल्या. त्या चक्क आतड्यात गेल्या आणि तिथल्या चेतापेशी झाल्या! म्हणजे सांगणारं वाटेतच होतं. (सगळ्याच पेशी इतक्या आज्ञाधारक नसतात हं. हाडं बनवायचं काम डोक्याकडच्या पेशींचं, पाठीकडच्या ते सहसा करत नाहीत.)

हे सांगणं चालतं कसं? प्रत्येक पेशीत सगळ्या जनुकांचं जाडजूड पुस्तक असतं. शेजारच्या पेशी 'बीएमपी'सारखी प्रथिनं सोडतात. ती निरोप्यासारखी पेशीच्या दारावरच्या ग्राहीला चिकटतात. मग आतली 'स्मॅड' प्रथिनं निरोप घेऊन केंद्रकात शिरतात आणि पुस्तकाचं नेमकं पान उघडतात. निघायच्या वेळी 'स्नेल' कुळातलं जनुक चालू होतं आणि शेजारणींचा धरलेला हात सुटतो. स्नेल म्हणजे गोगलगाय. गोगलगाय नि पोटात पाय, ते असं!

आणि निरोप पोचलाच नाही तर? आतड्याच्या भिंतीतून 'जीडीएनएफ' नावाचा निरोप सुटतो. तो घेणारा ग्राही 'रेट' या जनुकापासून बनतो. त्यात बिघाड असला, तर पेशी आतड्याच्या टोकापर्यंत पोचत नाहीत. सुमारे ५,००० बाळांत एखाद्याचं आतडं असं अर्धवट राहतं. त्यामागे इतरही जनुकं असू शकतात. या आजाराचं नाव हिर्शस्प्रुंग. शेवटच्या भागाला नसाच नसल्याने शी पुढे सरकत नाही, पोट फुगतं. डॉक्टर तेवढा तुकडा काढून वरचं चांगलं आतडं खाली ओढून जोडतात.