किल्लारीचा भूकंप आणि दख्खनचा प्राचीन खडक

बंगळूरच्या लालबागेत एक उघडी खडकाळ टेकडी आहे. तिच्यावर चढणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते की पायाखालचा हा करडा, पट्टेदार खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. दक्षिण भारताचे पठार ज्या पायावर उभे आहे, तो पाया येथे जमिनीवर डोके काढून बसला आहे. अशा अतिप्राचीन, कठीण भूभागास भूवैज्ञानिक ढालखंड म्हणतात. हिमालय अद्याप उंचावत असल्यामुळे तेथे भूकंप होतात यात नवल नाही. ढालखंड मात्र निश्चल आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, तेव्हा या समजुतीस पहिला मोठा तडा गेला. परंतु कोयनेपाशी नव्याने भरलेला विस्तीर्ण जलाशय होता. पाण्याच्या भारामुळे व खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबामुळे तेथील भ्रंश सरकला, असे त्याचे कारण देता आले आणि उरलेले पठार निर्धोक मानण्यास मोकळीक राहिली.

ही मोकळीक ३० सप्टेंबर १९९३ रोजी संपली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे झोपी गेली असता पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची महत्ता सुमारे ६.२ होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे मृत्यू पावली. त्या काळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात दाखविलेला होता.

महत्ता म्हणजे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. त्या मापाने हा भूकंप काही असाधारण नव्हे. याहून मोठे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात. मग एवढा संहार का व्हावा? एक कारण भूगर्भात होते. भूकंपाची नाभी अवघी काही किलोमीटर खोल होती, त्यामुळे तरंगांचा जोर वाटेत ओसरण्यास अवकाशच मिळाला नाही. दुसरे कारण जमिनीवर होते. येथील घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड व चिखलाच्या. वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या ते बांधले गेले. परंतु भिंतीचा आतला व बाहेरचा थर एकमेकांस जोडणारे आरपार दगड त्यांत बहुधा नसत. जमीन आडवी हलताच हे थर विलग झाले व माळवदाची माती निजलेल्या माणसांवर कोसळली.

याच प्रदेशात १९९२ च्या पावसाळ्यानंतर अनेक लहान धक्के बसले होते. त्यांतील सर्वांत मोठा १८ ऑक्टोबर १९९२ रोजी झाला. पुढे धक्के विरळ झाले आणि लोक पुन्हा घरात निजू लागले. अशा लहान धक्क्यांच्या मालिका पुष्कळदा काहीही न घडता विरून जातात. कोणती मालिका मोठ्या भूकंपाची नांदी आहे, हे आधी ओळखण्याची रीत आजही विज्ञानाजवळ नाही. तेव्हाच्या शास्त्रज्ञांना दोष देताना हे विसरू नये.

किल्लारीपासून बंगळूर सरळ रेषेत सुमारे पावणेसहाशे किलोमीटर दूर आहे. सर्वांत वेगवान असे प्राथमिक तरंग खोलातील खडकांतून सेकंदास सुमारे ८ किलोमीटर वेगाने धावतात. म्हणजे किल्लारीत घरे कोसळल्यावर सव्वा मिनिटाच्या सुमारास ते बंगळूरला पोहोचले असणार. मागाहून येणारे द्वितीयक तरंग मंद, पण अधिक हलविणारे असतात. या दोहोंच्या आगमनातील अंतरावरून भूकंप किती दूर झाला हे काढता येते. बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे १९६५ सालापासून भूकंपमापकांची एक मालिका आहे. इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकारात दोन लांब भुजांवर ही यंत्रे मांडली आहेत. दूरदेशीचे भूमिगत अणुस्फोट नैसर्गिक भूकंपांपासून वेगळे ओळखावेत, या हेतूने ती उभारली गेली. कठीण व शांत खडक असल्यामुळे ही जागा त्या कामी उत्तम ठरली. गंमत अशी की जो खडक यंत्रांना शांतता देतो, तोच भूकंपाचे तरंगही फारसे न शोषता दूरवर वाहून नेतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. किल्लारीच्या शेतांत भूकंपानंतर जमीन तुटून उंचावलेली दिसली. एक बाजू दुसरीवर चढली होती. दोन्हींकडून दाब आल्यावाचून असे घडत नाही. अशा भ्रंशास व्युत्क्रम भ्रंश म्हणतात. हा दाब येतो कोठून? भारताचे भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर गतीने ईशान्येकडे सरकत आशियास रेटत आहे. हिमालयात घडणाऱ्या या टकरीचा ताण पठाराच्या अंतर्भागातही साठत राहतो आणि जेथे जुनी दुर्बल रेषा असेल तेथे मोकळा होतो.

किल्लारीत ही रेषा दृष्टीआड होती. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा वरचे ३३८ मीटर काळ्या बेसाल्टचे निघाले. हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा होय. त्याखाली गाळाचा केवळ ८ मीटरांचा थर आणि त्याच्याही खाली लालबागेतील खडकाच्याच प्राचीन कुळातील पाषाण. भ्रंशाजवळच्या इतर छिद्रांत लाव्हाचे थर काही मीटर सरकलेले आढळले. एका भूकंपात एवढे सरकणे संभवत नाही. तेव्हा हा भ्रंश पूर्वीही हलला असला पाहिजे.

तो केव्हा, याचा मागोवा सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूवैज्ञानिक दांपत्याने घेतला. दोघांनीही पुढे बंगळूरच्या संशोधनसंस्थांत काम केले. किल्लारीच्या वायव्येस तेरणाकाठी वसलेले तेर हे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारी नगरी. तेथील गाळाच्या थरांत त्यांना सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा आढळल्या. दोन भूकंपांत एवढा काळ लोटल्यावर लोकस्मृतीत व बखरींत त्याची नोंद कशी राहावी? लेखी इतिहासात भूकंप नाही म्हणून भूमी निश्चल, हा तर्क येथेच निकामी ठरतो.

२००२ साली भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारण्यात आला. पहिले क्षेत्रच त्यातून वगळले गेले. किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. बंगळूर दुसऱ्यात आले. मात्र एकाच शहरातील सारी जमीन सारखी हलत नाही. घट्ट खडकावर जो धक्का सौम्य भासतो, तोच मऊ गाळावर वाढतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या अभियंत्यांनी बंगळूरच्या मातीचा जागोजाग अभ्यास केला तो याचसाठी. या शहरात एके काळी असंख्य तलाव होते. त्यांपैकी धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे आणि संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडागार.